बाबांची कॉफी

दामारिसने कॉफीचा कप बाबांच्या उशाशी ठेवला आणि चादरीची सुरकुती सरळ केली.

"बाबा, कॉफी. आज जरा कडक झालीय, रागावू नका."

बाबांना, म्हणजे सांपेंना, जाऊन वर्ष होत आलं होतं, पण घरात त्यांना कुणी गेलेलं म्हणत नसे. अंत्यविधीला बळी द्यायचे रेडे जमेपर्यंत देह औषध भरून घरातच ठेवायचा आणि माणूस आजारीच धरायचा, ही डोंगरातल्या तोराजा लोकांची रीत. तोवर त्याला ताट वाढायचं, घरातलं बरंवाईट कानावर घालायचं. हयातीत बापापुढे ब्र न काढणारी दामारिस आता त्यांच्याशी तासन्तास बोलायची.

आज मात्र तोंड उघडेना. काल मकासर शहरातल्या डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून हिला एकटीला सांगितलं होतं. आईला तिने वाटेत थाप मारली, रक्त कमी आहे, पालेभाजी खायला सांगितलीय.

"बाबा, आईच्या पोटातली गाठ पसरलीय. ती हा पावसाळा काढायची नाही म्हणतात. मी काय करू? मला काहीच करता येत नाही हो."

मधली भिंत फळ्यांची. या घरात एकाचं घोरणं सगळ्यांना ऐकू येतं, हे रडण्याच्या भरात ती साफ विसरली होती. दारात आई, लिंबोंग, उभी होती, हातात निवडायला घेतलेली पालेभाजी.

"म्हणजे ही मी उगीचच निवडतेय."

दामारिस धडपडत उठली.

"बस खाली. यांना सांगितलंस, मला नाही."

"कसं सांगू, आई?"

"मी इथं आडवी झाले की सांगशीलच की. केस विंचरशील, मनातलं सगळं बोलशील. तेव्हा मला ऐकू येणार की नाही, देव जाणे."

लिंबोंग नवऱ्याच्या पायाशी टेकली. भाजी मांडीवर पडली.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली.

दामारिसने आईचा हात धरला. थोड्या वेळाने लिंबोंगने तो सोडवून घेतला आणि उशाशी ठेवलेला कप उचलला.

"आई, ती बाबांची आहे."

"त्यांना कुठं घाई आहे?" एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "साखर विसरलीस. हं, बोल आता."

कुठून सुरुवात करावी, दामारिसला कळेना. आई घोट घोट घेत वाट पाहत राहिली. त्या कपातली कॉफी वर्षभरात पहिल्यांदाच कमी होत होती.