दारात आणून टाका

सकाळी साडेसहाला एक छोटा टेम्पो अंगणात येऊन थांबला. तो चालवत आलेला माणूस खाली उतरला आणि कुणालाही हाक न मारता मागच्या कांद्याच्या गोण्या उतरवू लागला.

रेश्मा दुधाची बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आली तेव्हा काही गोण्या ओट्याच्या पायरीशी उभ्या होत्या आणि तो एकीचं तोंड सोडत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, अंगात पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने गोणी पायरीवर पालथी केली. कांदे घरंगळत तिच्या पायापर्यंत आले. जवळजवळ प्रत्येकाच्या मधून बोटाएवढा जाड, पोकळ, हिरवा दांडा वर आलेला होता.

डेंगळे. कांद्याला असा दांडा फुटला की कांदा पोसत नाही, कांदाचाळीत साठवला तर टिकत नाही, आणि व्यापारी त्याच्याकडे बघतही नाही. पेरताना काळं बी सगळं सारखंच दिसतं. त्यातून काय निघणार ते कळायला पुढे चार-पाच महिने जातात. म्हणून कांद्याचं बी माणूस बघून घेतात.

"गहिनीनाथबाबाचं घर ह्येच ना?" त्याने विचारलं.

"हो."

"म्या भिमाजी, कोल्हारचा. बाबानं सांगितलं हुतं तसं आनून टाकलंय. डिझेल कांद्याहून महाग पडलं, पन म्हन्लं, मोठ्या मानसाचा शबूद हाय, पाळला पायजे."

तो चिडलेला नव्हता. हे बोलताना थोडा हसलासुद्धा.

बाबांचा तो शब्द रेश्मानेच मोबाईलवर घेतला होता. गेल्या वर्षी बियाण्यासाठी मुद्दाम लावलेल्या कांद्यांचा प्लॉट पांढऱ्या गोंड्यांनी भरला होता, मधमाश्या घोंगावत होत्या, आणि सासरे मधोमध उभे होते. पारनेर तालुक्यातल्या या वस्तीवर ते तीस वर्षं घरचं बी करून विकत होते. जेवढं पिकेल तेवढंच. उशिरा येणाऱ्याला "संपलं, पुढच्या साली ये," म्हणून चहा पाजून परत लावत. बियाण्यासाठी ठेवायचा प्रत्येक कांदा ते हातात फिरवून बघायचे. मान जाड वाटली की बाजूला.

बचत गटाच्या प्रशिक्षणात रेश्मा एक गोष्ट शिकून आली होती. गिऱ्हाईक दारात यायची वाट बघायची नाही, आपणच त्याच्या मोबाईलमध्ये जायचं. तिने बाबांना फक्त एवढंच सांगितलं होतं, "बियाण्याबद्दल दोन शब्द बोला." बाबा कॅमेऱ्याकडे न बघता गोंड्याकडे बघत बोलले होते, "माझं बी पेरा. डेंगळा निघाला तर माझ्या दारात आनून टाका. दार उघडंच हाय."

तिने तो व्हिडिओ मोबाईलवरच्या धंद्याच्या पानावर टाकला, मग थोडे पैसे भरून जाहिरात म्हणून चालवला. चार तालुक्यांतून फोन सुरू झाले.

"या ना भाऊ, आधी चहा घ्या," रेश्मा म्हणाली.

"बाबा उठलं का?"

ती आत वळली. तो पायताण काढून तिच्या मागोमाग आला आणि उंबऱ्याशीच थांबला. समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. बियाण्याच्या पिशवीवर छापलेलाच. त्याला चंदनाचा हार घातलेला होता.

भिमाजीने डोक्याचा टॉवेल सोडून हातात घेतला.

रेश्माचा नवरा आदिनाथ न्हाणीतून तोंड पुसत बाहेर आला. त्याने उघड्या दारातून पायरीवरचे कांदे पाहिले, मग पाहुण्याकडे पाहिलं.

"कधी गेलं?" भिमाजीने विचारलं.

"झाले आता काही महिने," आदिनाथ म्हणाला. "बसा."

भिमाजी बसला नाही. चहाही उभ्यानेच घेतला, कपबशी खाली ठेवली, फोटोला हात जोडले आणि बाहेर गेला. पायरीवर उकिडवा बसून तो सांडलेले कांदे परत गोणीत भरू लागला.

"अहो, राहू द्या," रेश्मा म्हणाली.

"न्हाई ताई. जित्या मानसाशी भांडता येतं. मेलेल्याच्या दारात असलं टाकून जायचं, ही रीत न्हाई आपली. म्हाईत असतं तर आलोच नस्तो."

आदिनाथ पायऱ्या उतरून त्याला मदत करायला गेला. दोन्ही हातांनी कांदे गोळा करू लागला. भिमाजी एक भरत होता तोवर आदिनाथ चार भरत होता. गोणीचं तोंड त्यानेच बांधलं, उचलून टेम्पोत त्यानेच टाकली.

रेश्मा ओट्यावरून पाहत होती. आषाढात बाबा गेले. रानातून आले, पाणी मागितलं, तांब्या तिथेच राहिला. दहावं, तेरावं झालं, सगळे सोयरे येऊन गेले. धंद्याच्या पानावर मात्र ते गेल्याचं काहीच टाकलं नाही. "सीझन होऊ दे," आदिनाथ म्हणाला होता, "मग टाकू." ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. बाबांनी केलेलं बी श्रावणातच संपलं. मग एका दलालाकडून पोती आली आणि दोघांनी ते बी बाबांच्या फोटोच्या पिशव्यांमध्ये भरलं. सीझन संपला. टाकायचं ते राहूनच गेलं. व्हिडिओ चालू राहिला.

शेवटच्या गोणीला हात घालण्याआधी भिमाजी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"गावात मीच सांगतो समद्यास्नी. बाबा गेल्यात, आता बियान्याचं कुनी काढू नगा म्हनून. म्हातारपनी चुकतं मानसाचं. डोळ्याला दिसत नसंल त्येंच्या."

आदिनाथने गोणीची गाठ आवळली.

"व्हय," तो म्हणाला. "शेवटी शेवटी कमीच दिसायचं त्यांना."

ओट्याच्या कोपऱ्यात बाबांची बायको बनूबाई शेंगा फोडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"दिसत हुतं त्येंना," ती म्हणाली.

आदिनाथचे हात गाठीवरच थांबले.

"माझ्या सुईत दोरा तेच ववून द्यायचे. आखाडात गेले, त्या दिशीबी दिला हुता." तिने सूप परत मांडीवर घेतलं. "न्हाई दिसत म्हनू नगा."

भिमाजीने आधी म्हातारीकडे पाहिलं, मग आदिनाथकडे. आदिनाथ गोणीची गाठ सोडून परत बांधत होता. ती बसत नव्हती.

"आखाडात?" भिमाजी म्हणाला. "म्या भादव्यात फोन केल्ता. बाबाला द्या म्हन्लं. कोन तरी बाई बोलल्या, बाबा पारनेरला गेल्यात."

"मीच होते," रेश्मा म्हणाली.

तिला तो फोन आठवत नव्हता. तसे बरेच आले होते. लोक भाव विचारत नसत, बाबांशी बोलायचं म्हणत. पहिल्यांदा ते वाक्य तिच्या तोंडातून निघालं तेव्हा तिला घाम फुटला होता. नंतर ती पोळ्या लाटता लाटतासुद्धा तसं सांगू लागली.

"ते बी बाबांचं नव्हतं, भाऊ," ती म्हणाली. "त्यांचं संपलं होतं. आम्ही बाहेरून आणलं आणि त्यांच्या पिशवीत भरलं. ते कसं आहे, आम्हालाही माहीत नव्हतं."

"रेश्मा," आदिनाथ म्हणाला.

भिमाजी उरलेल्या गोणीवर बसला. टॉवेलने मान पुसली.

"मग ह्ये टाकू कुठं?" त्याने विचारलं.

"दादा, आम्ही भरून देतो," आदिनाथ घाईने म्हणाला. "तुमचं जे काय नुकसान झालं असंल ते..."

"माझ्या एकट्याचं आसतं तर रोटर मारून समदं मातीत गाडून मोकळा झालो आस्तो. म्या त्यो बाबाचा व्हिडिओ गावात समद्यास्नी पाठवला. आमच्या तिथं कुनी बाहेरचं बी घेत न्हाई. म्या म्हन्लं, मानूस बघा, ह्यो खोटं बोलनारा न्हाई. माझ्या शबदावर लोकांनी घेतलं. आता रोज येक जन येतो बांधावर. बोलत काय न्हाई. नुसता उभा ऱ्हातो."

तो उठला. ज्या गोणीवर बसला होता ती त्याने स्वतःच उचलून टेम्पोत टाकली.

"तुमी या कोल्हारला. रईवारी देवळाम्होरं बसतो आमी."

"तुम्हीच सांगा ना त्यांना," आदिनाथ म्हणाला. "तुमचं ऐकतील ते."

"येकदा ऐकलं की त्येंनी." भिमाजी गाडीत चढला. "तुमच्या दारचं हाय. तुमीच सांगायचं."

टेम्पो गेल्यावर पायरीवर कांद्याची सालं तेवढी राहिली. बनूबाईने ती झाडून उकिरड्यावर नेली.

दुपारी जेवताना आदिनाथ म्हणाला, "आईला काय गरज होती मधे बोलायची?"

"तुम्हाला काय गरज होती?"

"माणूस जात होता. गपगुमान जात होता. उलट गावालापण तोच गप्प करणार होता."

"बाबांवर घालून."

"बाबांना आता काय फरक पडतो?"

रेश्माने त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्याने मान खाली घातली आणि भाकरी कुस्करली. मग तो म्हणाला, "एकेकाला फोन करू. ज्याचं त्याचं मिटवू. चारचौघांत जाऊन कशाला सांगायचं? उद्या नगर जिल्ह्यात कुणी आपल्या हातचं मेथीचं बीसुद्धा घेणार नाही."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ते तिलाही कळत होतं.

तिने जाहिरात बंद केली. व्हिडिओ काढून टाकण्याआधी एकदा आवाज बंद करून पाहिला. बाबा गोंड्याला हात लावत होते, ओठ हलत होते. खाली लोकांनी लिहिलेलं होतं: राम राम बाबा. तब्येत सांभाळा बाबा. औंदा बी ठेवा आमच्यासाठी. शेवटचं कालच आलेलं होतं. त्याखाली काय लिहावं ते तिला सुचलं नाही. व्हिडिओ काढला तसं तेही सगळं गेलं.

रविवारी आदिनाथ सकाळीच मोटर बघायला म्हणून विहिरीवर गेला. रेश्मा आवरून बाहेर आली तेव्हा बनूबाई ओट्यावर तयार बसली होती. नऊवारी धुतलेली, पायात चपला, हातात पिशवी.

"आई, ऊन लई आहे. तुम्ही कशाला?"

"तुला कोन वळकतं तिथं?"

"तुम्हाला तरी कोण ओळखतं?"

"मला न्हाई. त्येंना वळकत्यात," बनूबाई म्हणाली आणि उठली.

नगरच्या स्टँडवर मनमाडकडे जाणारी गाडी भरलेली मिळाली. राहुरीपर्यंत म्हातारीला अर्धीच जागा होती. रेश्मा बाजूला दांडी धरून उभी राहिली आणि काय बोलायचं ते मनात जुळवत गेली. "आमच्याकडून चूक झाली" हे वाक्य तिने बरेचदा म्हणून पाहिलं. बचत गटात तिला बोलायला शिकवलं होतं, आणि आतापर्यंत तिला शब्दांची अडचण कधी आली नव्हती. आदिनाथचा एकदा फोन आला. "कुठपर्यंत गेलात?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

फोनवर ठरल्याप्रमाणे कोल्हारच्या स्टँडवर भिमाजी उभा होता. तो दोघींना बघून पुढे आला, वाकून बनूबाईच्या पाया पडला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

देवळाच्या रस्त्याला लागल्यावर चालता चालताच, मागे न बघता तो म्हणाला, "येक सांगतो ताई. म्या गावात काय बोललो न्हाई. पारनेरवाले येनार हायेत, येवढंच सांगितलंय. बाबा गेल्याचंबी तुमीच सांगा."

रेश्मा थांबली. बनूबाई चालत राहिली, म्हणून तिलाही पाय उचलावा लागला.

देवळासमोरच्या लिंबाखाली माणसं बसली होती. तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त. कुणीतरी घरून पाण्याची घागर आणून ठेवली होती. मधे एक खुर्ची मांडलेली होती, गादी टाकलेली, रिकामी. दोघी जवळ आल्या तशी बोलणी थांबली. पुढे बसलेला एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकत उठला आणि त्यांच्या मागच्या रस्त्याकडे बघू लागला.

"बाबा मागनं येत्यात काय?" त्याने विचारलं.