गोबरगॅसच्या नोझलची चतकोर वाट

मित्रांनो, मी एक जुना पितळी नोझल आहे. करंगळीच्या पेराएवढा. मांडवगण फराट्याला हरिबांच्या घरी गोबरगॅसची शेगडी आहे, तिच्या पाइपाच्या टोकाशी माझा मुक्काम. आतून मी रुंद, पुढे निमुळता, आणि तोंडाला अडीच मिलिमीटरचं भोक. वरवंडच्या दगडोबांनी लेथवर मला घडवलं, फुंकर मारून आरपार पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक!" ती शाबासकी मी अजून विसरलो नाही.

बावीस वर्षं मी काम केलं. गोठ्यामागच्या टाकीतून गॅस रमतगमत यायचा आणि माझ्या तोंडाशी आला की एकदम धावत सुटायचा. हा नेमका किती पळतो, याचं मला भारी कुतूहल. पण विचारणार कुणाला? हरिबांची घरधनीण गिताबाई भाकऱ्या थापायच्या आणि आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, "म्या तर चुलीला रामराम केला बघा!"

मग एके दिवशी ज्योत लुकलुकायला लागली. गिताबाईंचा मुलगा स्वराज रोज उसाला पाणी देणारा गडी. तो म्हणाला, "सोप्पं हाय. पाइपाला अंगठा लावला की पानी कसं लांब जातं? तसंच करायचं." आणि या पठ्ठ्यानं कथलाचा डाग देऊन माझं भोक निम्म्या रुंदीचं केलं! ज्योत सुईसारखी बारीक झाली आणि फक्‌ करून विझली. मग हरिबांनी जोर वाढवायला टाकीच्या तरंगत्या टोपावर दगड रचले. टोप कलला, पण ज्योत काही धड लागेना.

गिताबाई पुन्हा चुलीपुढे बसल्या. फुंकणी घ्यायची, फुंकायचं, खोकायचं, पुन्हा फुंकायचं. दौंडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजी, धूर बंद, नाहीतर छाती साथ देणार नाही." पण स्वयंपाक कशावर करायचा? शेवटी हरिबा वैतागले आणि भंगारवाल्या साहेबरावांना सांगून आले, "बेस्तरवारी टेम्पो आना. टाकी, शेगडी, समदं घेऊन जा."

माझं तर धाबंच दणाणलं.

घरात नवी सून आली होती, स्वराजची बायको मोनिका. माहेर यवतचं, दौंडच्या कॉलेजात गणित शिकलेली. त्या गुरुवारी सकाळी ती सासऱ्यांना म्हणाली, "आबा, टेम्पो यायच्या आत मला एकदा मोजू द्या."

"त्यात काय मोजायचं, पोरी? वारा हाय त्यो."

"वाराच मोजायचाय."

तिनं गवंड्याची पारदर्शक नळी आणली, वाकवून तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं. आधी टाकीवरचे दगड उतरवले आणि नळीचं एक टोक टाकीजवळ जोडलं. गॅसनं पाणी दहा सेंटिमीटर वर ढकललं. तीच नळी शेगडीजवळ लावली, तर फक्त तीन!

"मधले सात कुठं गेले?" ती पाइप चाचपत निघाली. गोठ्याजवळ पाइपाला झोळ पडला होता. तिथं तो सोडवला, तर भळकन अर्धा तांब्या पाणी पडलं. गॅसबरोबर वाफ येते, थंड होऊन झोळात साचते. लुकलुकण्याचं मूळ तिथं होतं, आणि मार मी खाल्ला!

मग तिनं वहीत आकडेमोड केली. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. "दहा सेंटिमीटरच्या दाबाला गॅस नोझलमधून ताशी दीडशे किलोमीटरनं निघतो."

ताशी दीडशे! अहो, बावीस वर्षं मी हे बघत होतो आणि मलाच ठाऊक नव्हतं.

"आवाज याच्या आठपट पळतो," ती म्हणाली. "आवाजाच्या इतकं मागं असलं की गॅस दबत नाही, त्याचा हिशेब पाण्यासारखाच सरळ. वेग दुप्पट हवा, तर दाब चौपट लागतो. किती दगड ठेवणार, आबा?"

"आन् माझा अंगठा?" स्वराज कुरकुरला.

"लांब पाइपात पाणी वाटेतच दमतं. अंगठा लावला की कमी पाणी वाहतं, दमछाक कमी होते, म्हणून जोर तोंडाशी उरतो. इथं झोळातलं पाणी निघालं की टाकीचा सगळा जोर तोंडाशीच आहे. भोक बारीक केलंत तरी वेग तोच, गॅस तेवढा कमी."

"किती कमी?" गिताबाईंनी विचारलं.

मोनिकानं परातीतली थापलेली भाकरी मोडली. त्याच पिठाच्या, तेवढ्याच जाडीच्या, पण निम्म्या रुंदीच्या भाकऱ्या थापल्या. एक, दोन, तीन, चार झाल्या आणि पीठ संपलं.

गिताबाईंनी चारही भाकऱ्या बोटानं मोजल्या. मग लेकाकडे वळल्या. "म्हंजी चतकोर गॅसवर माझा सैपाक चालला व्हता व्हय रं, मेल्या?"

स्वराज खजील झाला. त्यानंच डाग वितळवला, अडीचचं ड्रिल हातानं हळूच फिरवलं आणि मला परत जागेवर बसवलं. तेवढ्यात दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. मोनिकानं घाईनं काडी ओढली. भप्प! निळी, गोल, ठाम ज्योत. मला आनंदानं रडूच आलं असतं, पण गॅस वाहत असताना नोझलनं रडून कसं चालेल?

गिताबाईंनी त्या ज्योतीवर चहा केला. साहेबरावांनी बशीतून चहा ओढला आणि विचारलं, "टाकी कुठं हाय?"

"टाकी ऱ्हाऊ द्या," गिताबाई म्हणाल्या. चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलून त्यांनी टेम्पोत टाकली. "ही न्या."

मित्रांनो, मला क्षणभर वाईट वाटलं. फुंकणी म्हणजे आमच्याच भावकीतली, वाऱ्याला वाट देणारी. पण तिला लागणारा वारा गिताबाईंच्या छातीतून यायचा. मला तो टाकी देते. म्हणून एवढंच मागतो, माझं तोंड बुजवायच्या किंवा कोरायच्या आधी एकदा मोजून बघा. आणि महिन्यातून एकदा पाइपातलं पाणी काढायला विसरू नका.