कंबरेची वीट

"आय, पाहुणे जाईस्तवर तोंड बंद ठेवायचं," संतोषने तिसऱ्यांदा बजावलं. "सुरभीचं जमत आलंय. तुझ्या येशूपायी मोडायला नको."

"तोंड काय, डोळेबी मिटते. तिरडी बांध, मग बोलाव पाहुण्यांना!" मोतीबाई म्हणाली खरी, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. खुबा मोडल्यापासून चार महिने ती ओटीवरच्या खाटेला खिळली होती. परसात जायचं तरी सुनेला हाक मारावी लागे. लेकाच्या शब्दाबाहेर जाणार कुठे? उशाचं बायबल तिने गोधडीखाली सारलं.

प्रार्थनेची सगळी मंडळी तिच्या जिभेला वचकून असे. मागल्या गणपतीत आनंदीबाईने शेजारणीकडे प्रसादाचा मोदक खाल्ला, तर मोतीबाईने तिला भर प्रार्थनेत उभं केलं होतं. "दोन डगरींवर पाय ठेवतेस, आनंदे? देव काय आंधळा हाय?" आनंदीबाई प्रभुभोजनाची भाकर न घेताच रडत घरी गेली होती.

शेलूहून मुलाची आत्या आली. पोहे खाऊन सरळ खाटेवर टेकली नि दचकून उठली.

"अगो बाय, काय टोचतंय हे?"

दाराआडून नात सुरभी बघत होती. मुलगा तिला मनापासून आवडला होता.

"वीट हाय," मोतीबाई म्हणाली. "कंबरेला टेकायला."

"हां! मला वाटलं... तुमी त्या प्रार्थनेला जाता, म्हणत होती लोकं."

"लोकांच्या जिभेला काय हाड हाय? आमी कशाला मरायला जातोय तिथं!"

आत्या हसली. सुपारी फुटली. संतोषने कधी नव्हे ते आईकडे मायेने पाहिलं. ते तिला चाबकासारखं लागलं.

दुपारी प्रार्थना आटोपून आनंदीबाई आली. मोतीबाई पडून असल्यापासून प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची भाकर फडक्यात बांधून तीच आणायची.

"काकी, उठून बसा."

"नको मला."

"ताप हाय का?"

"नको म्हटलं ना!" मोतीबाईने भिंतीकडे तोंड केलं. मग भिंतीलाच म्हणाली, "मी त्याच्या पुस्तकाला वीट म्हटलं, आनंदे. त्याला वळखतच नाय म्हटलं." सगळं सांगून झालं. "आता मलाबी भर प्रार्थनेत उभी कर. उभं राहवत नाय, तर खाट उचलून ने."

आनंदीबाईने फडक्याची गाठ सोडली.

"मोदक खाल्ला तवा त्याच्या ताटावरनं मला तुमी उठवलात, काकी. त्यानं नाय उठवलं."

तिने गोधडीखालून पुस्तक काढलं, म्हातारीला बसतं करून तिच्या कंबरेमागे लावलं. "टेका." नि भाकरीचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

आतून संतोषची हाक आली, "आय, कोण आलंय गं?"

मोतीबाईच्या तोंडात घास होता. तिने पाठ मागे रेटली. टोचत होतं, पण हलत नव्हतं.