रत्नम्मा बाईंची तीनचाकी आणि मी

मित्रांनो, नांदेडच्या एका गॅरेजातला मी एक जुना लाकडी हातोडा आहे. माझा जन्म चिंचेच्या बुंध्यातून झाला. उदगीरच्या सुताराने मला तासले, दांडा बसवला आणि शिवमूर्ती मिस्त्रींच्या हाती दिले. मी गाड्यांच्या पत्र्यांचे किती पोचे काढले, त्याची गणती नाही. "याचा मार लागतो, पण वळ उठत न्हाई," असे मिस्त्री कौतुकाने म्हणत.

मग शेषेराव कामाला आले. माणूस दिलदार, पण सारी हयात लोखंडात गेलेली. त्यांचा लोखंडी हातोडा दणदणू लागला आणि मी दाराचा टेकू झालो. सहा वर्षे! येणारा-जाणारा मला पायाने सरकवी. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटे.

यंदा चौदा ऑगस्टला लोहा गावच्या रत्नम्मा बाई टेम्पोतून आल्या. लहानपणापासून त्यांचे पाय चालत नाहीत. त्या हाताने चालवायची ॲल्युमिनियमची तीनचाकी वापरतात. केळीच्या ट्रकने मागे येताना तिची चौकट पार वाकवली होती. बाई नुकत्याच मुख्याध्यापिका झाल्या होत्या.

"मिस्त्री, उद्या शाळेचा झेंडा माझ्या हातनं फडकणार हाय," त्या म्हणाल्या. "खांबापर्यंत मी माझी मी जाणार. मला कुणी उचलून न्यायचं न्हाई."

शेषेरावांनी लगेच गॅसची ज्योत पेटवली. "लाल होऊ द्या, मग बघा कशी वळती!"

"अरे थांब बाबा!" मिस्त्री ओरडले. "हे लोखंड न्हाई. हे लाल व्हायची तू वाट बघत राहशील, अन् ते पाणी होऊन गळून पडंल."

चौकटीला चीर नाही ना, हे त्यांनी आधी नीट पाहिले. मग वाकलेल्या जागी अंगाचा साबण घासला आणि दुरून ज्योत फिरवली. साबण करपून काळा होताच ज्योत बंद केली.

"साबण काळा पडला, म्हंजे आता हे नरम झालं. शेषेराव, तो टेकू आण."

टेकू म्हणजे मी! आनंदही झाला आणि धास्तीही वाटली. मिस्त्रींनी मला शेषेरावांच्याच हातात दिले. "हळू. लेकराला थोपटल्यागत."

टप्, टप्, टप्. अर्ध्या तासाने दोरी धरून पाहिली, तर चौकट सरळ! तापवलेली जागा कमजोर राहते, म्हणून तिथे जोडपट्टी बसवली.

"तीस वर्षं नुसता भांडतच राहिलो की हो लोखंडाशी!" शेषेराव तोंडभर हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खास लोह्याला गेले आणि येऊन मिस्त्रींना सांगू लागले, "शाळेत चौघं जण उचलायला धावले. बाई म्हणल्या, बाजूला व्हा. अन् सुर्रकन खांबापाशी! मला तर लई रडू आलं."

मित्रांनो, वाकलेली वस्तू भंगारात टाकू नका आणि तिच्यावर आडदांडपणे तुटूनही पडू नका. ती कशाची बनली आहे, ते आधी जाणून घ्या. आणि कुणाला मदत करायची असेल तर अशी करा, की पुढची वाट त्याला त्याच्या हाताने कापता येईल.