भिंतीलगतचा वाफा

घड्याळजींच्या मागच्या खोलीला ओल आली, ती काही एका दिवसात आली नाही. आधी फरशीलगत रंग फुगला, मग पोपडे सुटले, मग पिठासारखा पांढरा लोणा फुटला. वर्षभरात डाग गुडघ्यापर्यंत चढला. बायको जाऊनही वर्षच झालं होतं.

पहिल्यांदा त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. त्याने पाणी अडवणारा म्हणून जो रंग फासला, तो महिन्याभरात सालीसारखा सोलून आला. दुसऱ्यांदा सिमेंटचा गिलावा करून घेतला. ओल त्याच्याही डोक्यावरून वर निघाली आणि सोबत घड्याळजींचा खोकला वाढला.

लेकीने फोनवर सांगूनच टाकलं, "बाबा, तीन महिन्यांनी मी येतेय. भिंत कोरडी असली तर ठीक. नाहीतर मोठी बॅग आणते, तुमचे कपडे भरते आणि तुम्हाला घेऊन जाते."

"मी काय कपाट आहे, उचलून न्यायला?"

"कपाटालाही बुरशी आलीय, बाबा."

लेक गुणाची होती, जावई सोन्यासारखा होता. पण घड्याळजींना जायचं नव्हतं. पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं टेबल होतं, भिंतीवर सात घड्याळं होती, आणि मागच्या खिडकीखाली बायकोचा वाफा होता. गुलाबाची दोन झाडं, शेवंती आणि कडेने पुदिना. ती गेल्यापासून त्यांनी त्या वाफ्याचं पाणी एक दिवस चुकवलं नव्हतं.

तिसऱ्यांदा त्यांनी एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्याने आल्या आल्या ना थापी काढली ना ओळंबा. भिंतीवर तळवा ठेवून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"इथं कोरडी. इथंही कोरडी. ओल तेवढी खिडकीखाली. नळ आहे का इकडे?"

"नाही."

"मग बाहेर चला."

बाहेर वाफा बघून तो उकिडवा बसला आणि भिंतीलगतची माती हाताने उकरली. वीतभर खाली जोत्याचा दगड लागला.

"हे बघा. जोत्यावर हा डांबराचा थर आहे, खालचं पाणी वर चढू नये म्हणून. दरसाल खत-माती पडत गेली आणि थर गाडला गेला. आता पाणी थराच्या वरूनच भिंतीत शिरतं, तो असून नसल्यासारखा. वर तुम्ही जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा रेनकोट चढवलात, म्हणजे आतली ओल आतच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

"पण मिस्त्री, वाफा वीस वर्षांचा आहे. ही होती तेव्हा ओल नव्हती."

"पाणी कोण घालतं?"

"मीच. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन."

"आणि बाई किती घालायच्या?"

वीस वर्षं घड्याळजी त्याच खिडकीत बसून चहा प्यायले होते, पण कधी मोजलं नव्हतं. घड्याळाला जशी वेळेवर चावी द्यायची, तसं वाफ्याला वेळेवर पाणी द्यायचं, एवढंच त्यांना कळत होतं.

"वाफा भिंतीपासून हातभर दूर न्यावा लागेल," गवंडी म्हणाला. "माती थराच्या खाली घ्यायची, आतला गिलावा खरवडून चुन्याचा करायचा."

"भिंतीला काय हवं ते करा. वाफ्याला हात लावायचा नाही."

गवंड्याने पिशवी खांद्याला लावली. "मग दुसरा गवंडी बघा. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची माझी मजुरी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी नेहमीच्या वेळी बादली घेऊन वाफ्यापाशी गेले. शेवंती पिवळी पडली होती. गेले दोन महिने पडतच होती, म्हणून त्यांनी पाणी एका बादलीवरून दोनवर नेलं होतं. बादली कलती करता करता त्यांना आठवलं, बायको आधी मातीत बोट खुपसायची, दुसऱ्या पेरापर्यंत. माती बोटाला चिकटली तर पाणी न घालताच उठायची. "नाडी बघतेस का झाडांची?" असं ते चिडवायचे. "बघावी लागते. घड्याळं नाहीत ती," ती म्हणायची.

त्यांनी बोट घातलं. चिखलच निघाला. शेवंती हलकेच ओढली तर विरोध न करता हातात आली. मुळं काळी पडली होती, कुजकट वास येत होता.

भरलेली बादली त्यांनी गटारात ओतली आणि कुदळ मागायला शेजारी गेले.

माती त्यांनी स्वतः काढली, दोन दिवस, घमेल्याने. निरोप धाडल्यावर गवंडी आला तेव्हा जोतं उघडं झालं होतं आणि हातभर अंतरावर नवा वाफा होता.

"कंबर शाबूत आहे ना?" त्याने विचारलं.

"तिलाही तेवढा डांबराचा थर घालून द्या."

गवंड्याने डागाच्या हातभर वरपर्यंत गिलावा खरवडला, विटा उघड्या ठेवून भिंत महिनाभर सुकू दिली आणि मग चुना थापला. रंगाचं नाव सहा महिने काढायचं नाही, अशी ताकीद दिली. एक गुलाब मेला. दुसरा जगला. शेवंतीच्या खोचलेल्या दोन काड्या फुटल्या.

ठरल्या दिवशी लेक आली, मोठी रिकामी बॅग घेऊन. चपला काढून आधी मागच्या खोलीत गेली आणि भिंतीवर तळवा ठेवला. मग खाली फरशीलगत ठेवला. तिथेही कोरडी होती.

"ओल कशाने जात नव्हती मग?"

"माती तुझ्या आईची होती," घड्याळजी म्हणाले. "पाणी माझं."

ती खिडकीतून नव्या वाफ्याकडे बघत राहिली. निघायच्या दिवशी तिने रिकामी बॅग उचलली, तसं घड्याळजींनी अडवलं.

"रिकामी कशाला नेतेस? या दोन रजया ने. ओलीचा वास बसलाय, तुझ्या मशीनमध्ये धुऊन घे. आणि थंडीच्या आत परत आण. मला लागतील इथे."