शंभरपैकी शंभर

गोठ्यातल्या मावशींनी पन्हळीत हात घातला आणि यंत्र थांबलंच नाही.

पाती आधीच काढून ठेवलेली होती आणि हात आत ओढणाऱ्या रोलरची साखळीही उतरवलेली होती, म्हणून बरं. नुसतं रिकामं चाक गरगरत राहिलं. मावशींचा तळहात पट्टीवर चांगला टेकलेला होता आणि आता काय गंमत होते म्हणून त्या बिचाऱ्या कौतुकाने बघत उभ्या होत्या. कॅप्टनने घाईघाईने बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि मावशींना म्हटलं, जरा परत ठेवा.

परत ठेवला. चाक फिरतच राहिलं.

कॅप्टन हे काही तिचं खरं नाव नव्हे. संघ दोघांचाच, पण संघ म्हटला की प्रमुख लागतो, म्हणून अर्जात तिचं नाव वर लिहिलं गेलं आणि वर्गाने ती पदवी तिला चिकटवली ती चिकटवलीच. संघातला दुसरा गडी म्हणजे वायरमन. त्याच्या खिशात टेस्टर दिसला नाही तर त्याला बरं नाही असं खुशाल समजावं. दोघंही कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या शेतीयंत्रांची स्पर्धा तीन दिवसांवर आली होती, आणि त्यांचं यंत्र होतं जनावरांचा चारा बारीक कापणारं कुट्टी यंत्र. बाजारात मिळतं तसंच. नवं होतं ते एवढंच, की चारा आत सरकवायच्या पन्हळीच्या तोंडाशी त्यांनी धातूची एक पट्टी बसवली होती. माणसाच्या कातडीतला ओलावा त्या पट्टीला कळायचा, आणि हात लागला की पापणी लवायच्या आत चाकाला ब्रेक बसायचा.

ओलावा काय, ओल्या चाऱ्यालाही असतो. सुरुवातीला यंत्र दर पेंढीला रुसून बसायचं. मग वायरमनने महिनाभर त्यात डोकं घातलं आणि पट्टीला जोडलेल्या डबीतला स्क्रू अशा जागी आणून ठेवला, की चारा लागला तर यंत्राने काणाडोळा करावा आणि हात लागला तर थांबावं. शंभर वेळा हात लावून बघितला. शंभर वेळा थांबलं. अहवालात तसंच लिहून गेलं, शंभरपैकी शंभर, आणि तो अहवाल परीक्षकांकडे पोचून महिना झाला होता.

वायरमनने मीटर लावला. कॅप्टनचा हात सत्तर दाखवी, त्याचा स्वतःचा पंच्याहत्तर. ओली पेंढी चाळीस. मावशींचा हात बावीस. तीस वर्षं शेण काढून, दोर ओढून आणि विळा चालवून त्या तळहाताची कातडी अशी झाली होती, की यंत्राला मावशींपेक्षा ओली पेंढीच जास्त माणूस वाटत होती. स्क्रू कुठेही फिरवला असता तरी हे जमणारं नव्हतं. बावीसला थांबायचं म्हटलं, तर चाळीसला आधी थांबणार.

"मला घाबरलं वाटतं तुमचं यंत्र," मावशी हसून म्हणाल्या, आणि गाई खोळंबल्या म्हणून चारा टाकून निघूनही गेल्या.

कॅप्टन तिथेच स्टुलावर बसली. वहीतली ती शंभर नोंदींची पानं तिने काढली. सकाळ, दुपार, ओला हात, कोरडा हात, उजवा, डावा, सगळं नीटनेटकं लिहिलेलं. आणि हात कुणाचे? तिचा, वायरमनचा, वर्गातल्या दहा जणांचे. पेन धरणारे हात.

वायरमनचं म्हणणं असं पडलं, की परीक्षकांचे हात मऊच असणार. ते तो हसत म्हणाला, पण गंमत म्हणून म्हणाला नव्हता. त्याचंही अगदीच चुकत होतं असं नाही. ही स्पर्धा भरवण्यात कुट्टीपासून पेरणीपर्यंतची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती. जिंकेल ती रचना पुढच्या हंगामापासून त्यांच्या यंत्रांवर बसणार होती आणि जिंकणाऱ्यांना कंपनी नोकरीत घेणार होती. वायरमनने घरी सांगून टाकलं होतं. त्याच्या आईने तर गल्लीत कुणाला सांगायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. कॅप्टनला पुढे शिकायचं होतं, तिला नोकरीची घाई नव्हती. त्याला होती.

दोघं सरांकडे गेली. सर भले माणूस, आवाज कधी चढायचा नाही. या वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या कपाटात सहभागाची प्रमाणपत्रं गठ्ठ्याने होती, बक्षीस एकही नव्हतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि अहवालाचं शेवटचं पान उघडलं. तिथे ठळक अक्षरांत मथळा होता, पुढील संशोधनास वाव.

सर म्हणाले, इथे एक वाक्य घालू. निरनिराळ्या व्यवसायांतल्या व्यक्तींच्या त्वचेवर अधिक चाचण्या घेण्यास वाव आहे. पुरवणी म्हणून उद्यापर्यंत पाठवता येईल. म्हणजे आपण लपवलं असं होत नाही.

"पण सर, हे पान कुणी वाचतं का?" तिने विचारलं.

सरांनी तिच्याकडे बघितलं. ते चिडले नाहीत. "नाही वाचत," ते म्हणाले. "प्रत्येक अहवालाला हे पान असतं ते त्यासाठीच, बाळ."

हे ऐकून वायरमनचा जीव भांड्यात पडला. तिचा पडला नाही, पण मान तिनेच डोलावली आणि वाक्य टाइपही तिनेच केलं. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. दोनदा वाचून तिने ते पाठवून दिलं.

संध्याकाळी तिने बाबांना फोन लावला. तिचे बाबा अशीच यंत्रं दुरुस्त करायचे. एवढंच काम असतं तर गोष्ट वेगळी. पण आसपास कुठे कुणाचा हात रोलरमध्ये अडकला, की आधी बोलावणं त्यांना यायचं, कारण यंत्र उघडल्याशिवाय हात निघत नाही. ते पान्हे घेऊन जात. परत आले की कुणाशी न बोलता मोरीत बसून पान्हे धूत राहत, स्वच्छ झाले तरी धूत राहत. त्या धुण्याचा आवाज ऐकतच ती मोठी झाली होती. ही पट्टी तिला सुचली ती काही पुस्तकातून सुचली नव्हती.

तिने बाबांना सगळं सांगितलं, आणि शेवटी स्वतःचीच समजूत घातल्यासारखं म्हणाली, की काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी बरं ना. शंभरातले साठ हात वाचले तरी साठ वाचले.

बाबांनी विचारलं, लोकांना सांगणार काय तुम्ही? यंत्र हात ओळखतं, असंच ना?

"हो."

"आत्ता लोक घाबरतात. पेंढी अडकली तर काठीने ढकलतात, निदान ढकलायला बघतात. हे यंत्र थांबतं म्हटल्यावर काठी कोण शोधेल? सरळ हातच घालतील. आणि आत हात घालणारा माणूस तुझ्या वर्गातला नसतो."

मग त्यांनी जेवलीस का विचारलं, तुझं तू बघ म्हणाले, आणि फोन ठेवला. तिने त्या दिवशी देवापुढे हात जोडले ते काही मागायला नव्हे. काय मागावं हेच तिला उमगत नव्हतं. बक्षीस मागावं तर कुणाचा तरी हात मागितल्यासारखं होत होतं.

स्पर्धेच्या सकाळी टेम्पोत यंत्राशेजारी बसून जाताना आपण काय ठरवलंय ते वायरमनला सांगावं असं तिच्या मनात तीनदा आलं. पण तो फोनवर आईला समजावत होता, की अगं निकाल दुपारी आहे, आत्तापासून लोकांना बोलावू नकोस. आई काहीतरी बोलली आणि तो मोठ्याने हसला. ती बाहेर बघत राहिली.

मोठा पत्र्याचा हॉल होता. तपासणीचे कागद भरून झाले, यंत्राला सील लागलं, चाऱ्याचं वजन झालं. त्यांचा क्रमांक सहावा. समोर तीन परीक्षक. मधल्या बाई मुख्य, पिकलेल्या केसांच्या, हातात त्यांच्या अहवालाची प्रत. कुट्टी झकास निघाली. ताशी वजन ठरल्यापेक्षा जास्तच भरलं. मग पाती काढली, साखळी उतरवली, आणि हाताची चाचणी सुरू झाली. एका परीक्षकांनी बाही वर करून तळहात ठेवला. चाक जागच्या जागी थांबलं. दुसऱ्यांनी ठेवला, थांबलं. मुख्य बाईंनी दोनदा ठेवला, दोन्ही वेळा थांबलं. टाळ्या पडल्या. मागे सर उभे होते, त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, अजून काही दाखवायचंय का. हे त्या सगळ्यांनाच विचारत होत्या, आणि सगळे नाही म्हणून आभार मानत होते.

"एक हात राहिलाय," कॅप्टन म्हणाली.

वायरमनने झटकन तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही. कडेला एक हमाल उभे होते, सकाळपासून चाऱ्याच्या पेंढ्या आणून टाकणारे, साठीच्या घरातले. ती त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, काका, जरा येता का, पाती काढलेली आहेत, भ्यायचं काही नाही. ते संकोचत आले. एवढ्या लोकांपुढे उभं राहायची त्यांना सवय नव्हती. तिने दाखवलं तिथे त्यांनी पट्टीवर तळहात टेकला.

चाक फिरत राहिलं.

रिकाम्या चाकाची घरघर तेवढी ऐकू येत होती. काकांनी हात काढावा की ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला.

"अहवालात शंभरपैकी शंभर लिहिलंय," मुख्य बाई म्हणाल्या. "ते खोटं आहे?"

"खोटं नाही. पण शंभरही वेळा हात आमचेच होते." मग तिने बावीस, चाळीस आणि सत्तर हे आकडे सांगितले, आणि हे तीन दिवसांपूर्वीच कळलं होतं हेही सांगितलं. पुरवणीतल्या वाक्याबद्दल बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की ते वाक्य माझं आहे. सरांचं नाव तिने घेतलं नाही. सरांनी मागून एक पाऊल पुढे टाकलं होतं, ते तिथेच थांबलं.

बाईंनी काहीही सुनावलं नाही. नियम मात्र वाचून दाखवला, की अहवालातला दावा प्रत्यक्षात उतरला नाही तर त्या भागाचे गुण शून्य. तो भाग निम्म्या गुणांचा होता. दुपारी निकाल लागला तेव्हा पहिल्या पाचांत त्यांचा संघ नव्हता. कंपनीचे साहेब बी पेरायच्या एका यंत्रापाशी फोटो काढून घेत उभे होते.

वायरमन हॉलच्या मागच्या दाराशी तिला भेटला. त्याचा फोन हातात वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

"मला आधी सांगायचंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

"अडवलं असतं. भांडलो असतो. कदाचित ऐकलंही असतं तुझं." फोन वाजायचा थांबला आणि लगेच परत वाजायला लागला. "खरं बोललीस, ते ठीक आहे. पण माझ्या वाटणीचंही तूच बोलून टाकलंस, कॅप्टन."

चुकलं, असं ती म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं, आणि तरी पुन्हा तसंच केलं असतं हेही तिला ठाऊक होतं. ही दोन्ही सत्यं पोटात घेऊन माणसाने कसं उभं राहावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो आईशी बोलायला लांब झाडाखाली जाऊन उभा राहिला. सर टेम्पोवाल्याला शोधायला गेले होते. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला होता, आणि त्या हाताचं वजन तिला अजून जाणवत होतं.

यंत्र दाराशी तसंच पडून होतं. त्याच्यापाशी ते हमाल काका उभे होते. ती आल्यावर ते कडेला सरकले. काहीतरी बोलायचं होतं आणि धीर होत नव्हता असं दिसत होतं.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "तुमचं बक्षीस गेलं म्हणतात. माझ्यामुळे गेलं का?"

"नाही हो, काका."

"मला काय माहीत नव्हतं. आधी सांगितलं असतंत तर हात धुऊन आलो असतो." त्यांनी दोन्ही तळहात पँटला जोरजोराने घासले आणि उलटून बघितले. "सकाळपासून चारा उचलतोय, धूळ असते."

तिने त्यांना समजावायचा प्रयत्न केला. म्हणाली, तुमच्या हाताचं काही चुकलं नाही. आम्हीच हात ओळखायला कमी पडलो. यंत्र चुकीचं आहे, तुमचा हात बरोबर आहे. ते मान डोलावत राहिले, पण मोठी माणसं आपलं मन राखायला असंच बोलतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. वयाने ते तिच्या बाबांहून मोठे होते.

टेम्पो मागे येऊन लागला. काकांनी सवयीने पुढे होऊन पन्हळ धरायला हात पुढे केला, आणि पट्टीपाशी येताच तो हात आखडला.

"उचलायला तर हात लावू ना, ताई?" त्यांनी विचारलं.

तिने मान डोलावली आणि जड बाजू, चाकाची, स्वतः धरली. झाडाखालून वायरमन आला, कुणाकडेही न बघता त्याने मधला पाय पकडला, आणि तिघांनी मिळून यंत्र उचललं.