महाराजांनी बुजवलेली भेग

"मिटतेय! अहो, खरंच मिटतेय!"

ओरडत होते आमच्या इमारतीचे अध्यक्ष, आणि ते बोट दाखवत होते तळमजल्यावरच्या जिन्याशेजारच्या खांबाकडे. त्या खांबाला उभी भेग गेली होती, काडेपेटीतली काडी सहज आत जाईल एवढी. महाराजांनी तिच्यात राखाडी भस्म बोटानं दाबून भरलं, तांब्यातलं तीर्थ शिंपडलं आणि बाजूला झाले. पाहता पाहता ती भेग आतून भरून आली. गाड्या लावायच्या जागेत अख्खी इमारत दाटीवाटीनं उभी होती. कुणी रडत होतं, कुणी हात जोडले होते.

"दगडालाही जीव असतो, बाळांनो," महाराज म्हणाले. "जीव आहे तिथं जखम आहे. आणि जखम आहे तिथं कोण आहे?"

"महाराज!" सगळे गरजले.

माझी आपली समजूत होती की जखम असते तिथं डॉक्टर असतो. पण माझं कोण ऐकतंय? माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना काय दिसत नाही हे शोधण्यावर माझं पोट चालतं. त्या दिवशी मात्र भेग मिटताना मलाही दिसली, आणि दिसलं नाही असं मी कशाला म्हणू?

"आजपासून रोज संध्याकाळी प्रत्येक घरानं पाळीपाळीनं याला तीर्थ द्यायचं," महाराजांनी बजावलं. "ज्याची पाळी, त्यानंच जवळ जायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर जखम चिघळेल."

हे शेवटचं वाक्य माझ्या वहिनीकडे बघून होतं.

वहिनी काँक्रीटची शास्त्रज्ञ. तिच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडतात, त्यात तऱ्हेतऱ्हेचे पॉलिमर मिसळून बघतात, आणि संगणकाला हजारो फोटो दाखवून भेगा ओळखायला शिकवतात. मोबाइलवरून फोटो पाठवला की तो संगणक 'धोका' किंवा 'सुरक्षित' असं उत्तर देतो. घरात आम्ही त्याला 'वहिनीचा पोपट' म्हणायचो. आमच्या खांबाचा फोटो पाहून पोपटानं 'धोका' म्हटलं होतं. वहिनीनं स्वतः खांब ठोकून पाहिला आणि सगळ्यांना सांगितलं, "खांबाशेजारी टेकू लावा आणि इमारत रिकामी करा."

रिकामी करून जायचं कुठं? आमच्या घरी तर अण्णा, म्हणजे माझे वडील, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्याच खांबाच्या डोक्यावर. कूस बदलली तरी त्यांना धाप लागायची. दादा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणार. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्या आईला त्या काडीच्या जागी महाराज सापडले होते.

त्यात अध्यक्षांनी कमाल केली. बुजलेल्या भेगेचा फोटो काढून त्यांनी पोपटाला पाठवला आणि मोबाइल उंच धरून ते किंचाळले, "सुरक्षित! सूनबाईंचं यंत्रसुद्धा सुरक्षित म्हणतंय!"

"यंत्रानंही हात टेकले," महाराज हसले. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला.

घरी आल्या आल्या ती म्हणाली, "आई, आज निघू या. आत्ता."

"कशाला? तुझ्याच यंत्रानं सांगितलं ना?"

"त्याला मी रेघ ओळखायला शिकवलं, आई. रेघ दिसली की धोका, नाही दिसली की सुरक्षित. महाराजांनी रेघ झाकली. त्यानं खांब बघितलाच नाही, नुसता फोटो बघितला."

"म्हणजे तुझ्या मनासारखं बोलला तेव्हा खरा, आणि आज खोटा?" आईचा आवाज चिरका झाला. "ह्यांना जिन्यावरून नेताना काही झालं तर? आहेस तू जबाबदार?"

वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "भाऊजी, माझ्या आयुष्याचं काम त्या माणसाच्या बाजूनं साक्ष देतंय," ती म्हणाली. "आणि मला त्या भेगेला बोटही लावू देत नाहीत." मला फार भीती वाटली. आत अण्णांच्या श्वासाची घरघर चालू होती, आणि खाली तो खांब होता.

पुढे रोज कुणी ना कुणी तांब्या घेऊन खाली जायचं. आमच्या दारांच्या चौकटी तिरक्या व्हायला लागल्या. न्हाणीघराचं दार मिटेना, तर शेजारी म्हणाले, "लाकूड फुगलंय." महाराज म्हणाले, "जखम भरताना अंग आखडतंच." वहिनी दारोदार फिरली. लोक चहा देत होते, ऐकून घेत होते, आणि ती वळली की दार लावत होते.

मग आईची पाळी आली. तीर्थ देऊन ती वर आली, ती थेट अण्णांचा डायपर बदलायला गेली. जुना डायपर एका कडेला फाटला होता. त्यातला ओला गर तिच्या बोटांना लागला, आणि ती तशीच उभी राहिली. अंगठ्यानं बोटं चोळत राहिली.

"अगं," तिनं वहिनीला हाक मारली, "इकडे ये बरं. खाली खांबाला माझं बोट लागलं. असंच लागलं. थंड, बुळबुळीत, दाणेदार. ह्यांचं मी रोज करते, माझ्या बोटांना ठाऊक आहे हे."

वहिनी धावतच आली. तिनं एक कोरा डायपर फाडला, कापूस झटकला, आणि ताटलीत मिठासारखे पांढरे दाणे पडले. त्यावर तिनं वाटीभर पाणी ओतलं. पाणी नाहीसं झालं, दाणे टम्म फुगले, ताटली गरानं भरली.

"हा पॉलिमर," ती म्हणाली. "स्वतःच्या कितीतरी पट पाणी पितो आणि धरून ठेवतो. आमच्याकडे याच्या बरण्या आहेत. यात दगडाची राखाडी भुकटी मिसळली की झालं भस्म. पाणी मारलं की फुगतं आणि भेग भरते. जोर शून्य. ताटलीतल्या या गरावर तुम्ही इमारत उभी कराल, आई?"

"मग रोज तीर्थ कशाला?"

"सुकला की आकसतो, म्हणून. आणि तेच पाणी आत झिरपून सळया गंजवतंय. गंजली की सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते."

आई मटकन पलंगाच्या कडेवर बसली. "म्हणजे मी आज ह्यांच्याच खोलीखाली..." मग तिनं विचारलं, "हा गर सोडवायचा कसा?"

"मिठानं. मीठ लागलं की धरलेलं पाणी सोडून देतो. मीठ सळईलाही वाईटच, पण त्या खांबाचं आता बिघडायचं काय राहिलंय?"

दुसऱ्या दिवशी महाराज खांबाची पाहणी करायला येणार होते. गर्दी जमली. आईनं अध्यक्षांना सांगितलं, "काल माझ्याकडून नीट झालं नाही. आज पुन्हा देते." ती तांब्या घेऊन पुढं झाली आणि सावकाश, वरपासून खालपर्यंत, भेगेवर मिठाचं दाट पाणी ओतत राहिली.

आधी काहीच झालं नाही. महाराज काहीतरी पुटपुटत होते. मग भेगेतून पाणी पाझरायला लागलं. बुजलेला भाग बसला, सुरकुतला, आणि राखाडी गिळगिळीत ओघळ खांबावरून खाली आला. मागं भेग उघडी पडली. पूर्वी काडी जायची तिथं आता अंगठा गेला असता. आत तांबडी, पापुद्रे सुटलेली सळई दिसत होती.

"बाटवलं!" महाराज ओरडले. "या बाईनं तीर्थ बाटवलं!"

आईनं पदराआडून फाडलेला कोरा डायपर काढला आणि त्यांच्या हातात दिला. "मग भरा पुन्हा. भस्म यात आहे. माझ्या नवऱ्याला मी रोज बांधते ते."

कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही. वहिनी पुढं येऊन दोन वाक्यांत सगळं बोलली. गर्दी तिच्याकडं वळली तेवढ्यात महाराजांनी काढता पाय घेतला, तांब्यासुद्धा नेला नाही. ज्यांनी त्यांचा जयजयकार केला होता त्यांनीच अण्णांना खुर्चीला बांधून तीन मजले खाली आणलं. अण्णांना धाप लागली, ओठ निळे पडले, पण ते पोचले. सगळ्या इमारतीनं जवळच्या शाळेच्या सभागृहात पथाऱ्या पसरल्या. अध्यक्ष सगळ्यांत शेवटी आले, तेही बायकोनं ओढून आणलं म्हणून.

खांबाला टेकू लावायला माणसं यायची होती. त्यांच्या आधीच एका दुपारी जिन्याकडचा कोपरा खाली बसला. आम्ही धावत गेलो. धूळ खाली बसली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीची एकच भिंत उरली होती, आणि अण्णांचा पलंग खाली ढिगाऱ्यात उलटा पडला होता. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती.

तेवढ्यात मागून अध्यक्षांचा आवाज आला, भरून आलेला. "बघा, बघा! आत एकही माणूस नव्हता. महाराजांचीच कृपा!"

आजूबाजूचे दोन-तीन हात जुळलेसुद्धा.

आई वळली. "कृपा नव्हती हो," ती म्हणाली. "मीठ होतं."

ते हात खाली आले की नाही हे मी बघितलं नाही. मला रडू येत होतं, आणि चष्म्यावर धूळ बसली होती.

तो माणूस आज दुसऱ्या कुठल्यातरी खांबापाशी उभा असेल. तुमच्या खांबापाशी असेल, तर त्याचं ऐकू नका. आणि नुसत्या पोपटाचंही ऐकू नका. त्याला काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही ते आधी विचारा. भेग बुजलेली दिसली तर हात जोडण्याआधी तिला हात लावून बघा. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमची आई आता भेटेल त्याला हेच सांगते.